नव्या लॅपटॉपवर लिनक्स चालेल का? पैसे देण्याआधी आणि दिल्यावर काय तपासायचं

बारावीचे निकाल लागतात, इंजिनिअरिंगच्या अॅडमिशन सुरू होतात आणि नागपूरच्या सीताबर्डीतल्या कॉम्प्युटर दुकानांत आईबाप आणि पोरांची गर्दी वाढते. त्या गर्दीत हल्ली विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम हवी असणारी पोरंही दिसतात. काउंटरवर विचारलं, "भाऊ, याच्यावर लिनक्स चालते का?" की उत्तर येतं, "सगळं चालते." नाहीतर, "त्या भानगडीत पडू नका, विंडोज बरं आहे." सांगणारा खोटं बोलत नसतो. पण साठ-सत्तर हजार मोजणाऱ्या माणसाला यातल्या एकाही उत्तराचा उपयोग नाही, कारण प्रश्नच फार मोघम आहे.

लॅपटॉपच्या झाकणावर एका कंपनीचं नाव असतं. आतला प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा, वाय-फायची चिप तिसऱ्या कंपनीची, बोटाचा ठसा घेणारं सेन्सर चौथ्या कंपनीचं. लिनक्सचा संबंध झाकणावरच्या नावाशी नसतो, या आतल्या चिपांशी असतो. म्हणून "हे मॉडेल चालतं का" असं विचारण्यापेक्षा "यात कोणकोणत्या चिपा आहेत आणि त्यांतली कोणती अडवेल" असं विचारावं. उत्तर शोधायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. एक पेन ड्राइव्ह आणि निवांत दुपार पुरते.

आधी मुळातली गोष्ट समजून घेऊ. प्रत्येक चिपशी कसं बोलायचं हे ऑपरेटिंग सिस्टीमला सांगणारा एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये कंपनी सगळे ड्रायव्हर कारखान्यातच घालून देते, त्यामुळे आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात. कर्नल म्हणजे लिनस टॉरव्हाल्ड्सनं १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्सचा गाभा. त्याची नवी आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीत काही नव्या चिपांचे ड्रायव्हर जोडलेले असतात.

यामुळेच पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बहुधा मुकाट्यानं चालतं आणि अडचण येते ती कोऱ्या, नुकत्याच बाजारात आलेल्या लॅपटॉपवर. चिप नवी आणि कर्नल तिच्या आधीचं, असं झालं की कर्नलला ती ओळखूच येत नाही.

याचं एक उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. मीडियाटेक कंपनीची एमटी७९२५ नावाची वाय-फाय चिप बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये असते. तिचा ड्रायव्हर कर्नलच्या ६.७ या आवृत्तीत आला. डेबियन हा लिनक्सचा एक अतिशय भरवशाचा प्रकार. त्याची १२ क्रमांकाची आवृत्ती जून २०२३ मध्ये आली, तिच्यात कर्नल आहे ६.१. म्हणजे ही चिप असलेल्या लॅपटॉपवर तुम्ही डेबियन १२ टाकलं, तर स्क्रीन दिसेल, कीबोर्ड चालेल, पण वाय-फायचं चिन्हच उमटणार नाही. त्याच लॅपटॉपवर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ टाकलं, तर त्यात कर्नल ६.१२ असल्यानं ड्रायव्हर जागेवर असतो. लॅपटॉप तोच, लिनक्सही तेच, फरक फक्त कर्नलच्या वयाचा. "माझ्या मित्राच्या लॅपटॉपवर चाललं नाही" असं कोणी सांगितलं, तर आधी विचारा की त्यानं कोणती आवृत्ती टाकली होती.

उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराचंही असंच आहे. २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये कर्नल ६.८ घेऊन आली. पुढे २४.०४.२, २४.०४.३ अशा तिच्या सुधारित प्रती निघाल्या आणि त्यांत कर्नल नवं घातलं गेलं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कोणीतरी बनवून दिलेला पेन ड्राइव्ह नव्या लॅपटॉपला लावू नका. ताजी फाइल स्वतः उतरवून घ्या. लॅपटॉप अगदीच नवा असेल तर फेडोरा हा तिसरा प्रकार लावून पाहा, तिथं कर्नल लवकर अद्ययावत होतं.

ड्रायव्हरच्या जोडीला फर्मवेअर लागतं. ही चिप बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली फाइल असते आणि चिप सुरू होताना ती तिच्यात भरावी लागते. पूर्वी डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये ही फाइल नसायची आणि लोक वाय-फायपाशी अडून बसायचे. डेबियन १२ पासून ती सोबतच येते.

दुकानात उभ्या उभ्या

पहिली चाळणी प्रोसेसरची. इंटेल किंवा एएमडी असेल तर पुढे चला. क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन एक्स असेल तर थांबा. २०२४ पासून विंडोजचे हे लॅपटॉप दुकानांत आहेत, बॅटरी छान चालते, दिसतातही देखणे. पण हा प्रोसेसर एआरएम जातीचा आहे. इंटेल-एएमडीसाठी बनवलेली लिनक्सची नेहमीची फाइल त्यावर सुरूच होत नाही, आणि एआरएमसाठीची फाइल घेतली तरी प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी जुळणी लागते. ते काम सुरू आहे, पण पहिल्यांदाच लिनक्सकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यानं यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अॅपलच्या मॅकबुकचं थोडं तसंच. एम१ आणि एम२ चिपांसाठी असाही लिनक्स हा प्रकल्प आहे आणि त्याचं काम खरंच कौतुकाचं आहे, पण केवळ लिनक्ससाठी नवं मॅकबुक घेऊ नये.

मग वाय-फाय. सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात, म्हणून दुकानातली पाच मिनिटं यावर खर्च करा. डेमो पीसवर विंडोज सुरू असतं. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अॅडाप्टर्समध्ये जा. नाव दिसेलच. पण नावावर थांबू नका. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यात 'व्हीईएन' या तीन इंग्रजी अक्षरांपुढची चार अक्षरं कंपनीची ओळख असतात आणि 'डीईव्ही'पुढची चार अक्षरं त्या नेमक्या चिपची. कंपनीच्या जागी ८०८६ असेल तर इंटेल. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. त्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढा.

इंटेल दिसलं तर वाय-फायपुरता जीव भांड्यात पडायला हरकत नाही. इंटेल आपले वाय-फाय ड्रायव्हर स्वतः कर्नलमध्ये देत आली आहे. मीडियाटेक आणि रिअलटेकसुद्धा आता बऱ्यापैकी चालतात, फक्त चिप कोणती आणि कर्नल कोणतं ते जुळवावं लागतं. रिअलटेकच्या आरटीएल८८५२बीई या चिपला कर्नल ६.२ किंवा त्यानंतरचं लागतं, म्हणजे आजच्या ताज्या आवृत्त्यांवर ती अडत नाही. ब्रॉडकॉम असेल तर दुसरा लॅपटॉप बघा. त्यांच्या अनेक चिपांना कंपनीचा वेगळा बंदिस्त ड्रायव्हर लागतो आणि कर्नल बदललं की तो रुसतो.

डिव्हाइस मॅनेजर उघडलंच आहे तर कॅमेराही बघून घ्या. त्याच्या हार्डवेअर आयडीची सुरुवात 'यूएसबी' या अक्षरांनी होत असेल तर तो जवळपास नक्की चालणार. इंटेलच्या ११व्या पिढीपासून काही पातळ, महागड्या लॅपटॉपमध्ये मात्र कॅमेरा यूएसबीनं न जोडता थेट प्रोसेसरच्या आयपीयू६ नावाच्या भागाला जोडलेला असतो. लिनक्सवर तो सुरू करणं बराच काळ फार त्रासाचं होतं. आता सुधारणा होते आहे, पण सगळ्या मॉडेलांवर नाही. ऑनलाइन वर्ग आणि मुलाखती ज्याला द्यायच्या आहेत त्यानं हे आधीच पाहिलेलं बरं.

आता एक गोष्ट जी दुकानदार सहसा सांगत नाहीत आणि अनेकदा त्यांनाही माहीत नसते. डेमो पीस आणि सीलबंद डब्यातला पीस, दोघांवर मॉडेलचं नाव एकच असलं तरी आतलं वाय-फाय कार्ड वेगळं असू शकतं. कंपन्या एकाच मालिकेत कधी इंटेलचं, कधी मीडियाटेकचं कार्ड घालतात. डब्याच्या स्टिकरवर जाहिरातीतल्या नावाखेरीज एक लांब प्रॉडक्ट नंबर असतो. तो शेवटच्या अक्षरापर्यंत डेमो पीसच्या खालच्या नंबराशी ताडून बघा. दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा की सील त्याच्यासमोर फोडू, डिव्हाइस मॅनेजर तिथंच बघू आणि मग बिल करू. ओळखीचा दुकानदार असेल तर ऐकतो. सील फोडल्यावर परत घेणार नाही असं तो म्हणाला, तर ते पैसे देण्याआधी कळलं हेही कामाचंच.

आयडी हाती आला की घरी बसून शोध घेता येतो. लिनक्स-हार्डवेअर डॉट ऑर्ग या साइटवर जगभरच्या लोकांनी आपापल्या यंत्रांचे अहवाल टाकलेले आहेत. तिथं चिपचा आयडी टाकला की ती कोणत्या कर्नलपासून चालते ते दिसतं. उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी स्वतः तपासलेल्या लॅपटॉपची यादी ठेवते आणि कोणत्या आवृत्तीवर तपासलं तेही तिथं लिहिलेलं असतं. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, म्हणजे ऑफिसांसाठी बनवलेली मॉडेलं, या यादीत भरपूर आहेत. दिसायला साधी असतात, पण माझा सल्ला विचाराल तर लिनक्ससाठी डोळे मिटून घ्यावीत अशी हीच.

एनव्हीडिया असेल तर

इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्याबद्दल फार लिहायचं कारण नाही. एनव्हीडियाचं वेगळं कार्ड असेल तर कंपनीचा ड्रायव्हर आपण टाकायचा असतो. उबुंटूमध्ये इन्स्टॉल करताना त्यासाठी एक टिचकी मारायची असते, तेवढंच. खरी गफलत पुढे होते. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलीच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू असेल तर हा ड्रायव्हर सहीशिवाय चढत नाही. इन्स्टॉलर तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगू शकतो, आणि सांगितलं तर पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना एक निळी स्क्रीन येते. तिथं 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती स्क्रीन थोडाच वेळ थांबते. बहुतेक जण घाबरून 'कंटिन्यू' दाबतात आणि मग ड्रायव्हर का चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात. ती निळी स्क्रीन बिघाडाची नाही, तिला थांबून उत्तर द्या.

गेमिंग लॅपटॉपबद्दल आणखी एक. अनेक मॉडेलांत एचडीएमआयचं भोक थेट एनव्हीडियाच्या कार्डाला जोडलेलं असतं. ड्रायव्हर नीट चढला नसेल तर लॅपटॉपची स्क्रीन छान दिसते, पण कॉलेजच्या प्रोजेक्टरवर काहीच उमटत नाही. सेमिनारच्या सकाळी हे कळू नये.

घरी आणल्यावर, काहीही न पुसता

लिनक्स इन्स्टॉल न करताच पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतं, आणि सगळ्यात खरी परीक्षा हीच. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यातलं सामान दुसरीकडे हलवा, कारण तो पुसला जाणार आहे. विंडोजवर रूफस नावाचा छोटा मोफत प्रोग्राम मिळतो, त्यानं उतरवलेली लिनक्सची फाइल पेन ड्राइव्हवर लिहायची.

पण त्याआधी एक काम, आणि हे टाळू नका. आजकाल विंडोज ११ चे लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं सुरू केले की डिस्कला आपोआप कुलूप लागतं. हेच बिटलॉकर. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूटची सेटिंग हलवली की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये साठवलेली असते. आत्ताच लॉगिन करून ती कागदावर उतरवून ठेवा. ज्या ईमेलनं दुकानातल्या पोरानं लॅपटॉप सुरू करून दिला तो तुमचाच आहे ना, हेही याच वेळी बघा.

आता पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा आणि बूटचा मेनू आणणारी कळ दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर सहसा एफ१२, एचपीवर एस्केप दाबून मग एफ९, आसूसवर एस्केप. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांच्यासाठी सिक्युअर बूट बंद करावं लागत नाही. काही लॅपटॉपांत मात्र बायोसमध्ये 'थर्ड पार्टी यूईएफआय सीए'ला परवानगी देणारं एक बटण बंद असतं, ते चालू करावं लागतं. मेनू आला की 'ट्राय' निवडा. 'इन्स्टॉल'ला हात लावू नका.

डेस्कटॉप दिसला की खूश होऊन बंद करू नका, कामाला इथं सुरुवात होते. घरचं वाय-फाय जोडा आणि एक लांब व्हिडिओ लावून ठेवा. नुसतं जोडलं जाणं पुरेसं नाही, अर्धा तास टिकायला हवं. आवाज स्पीकरमधून ऐका, मग हेडफोन लावून ऐका. काही लॅपटॉपांत स्पीकरसाठी वेगळी अॅम्प्लिफायर चिप असते, तिथं हेडफोन ठणठणीत आणि स्पीकर मुके असा प्रकार होतो. माईकवर काही बोलून रेकॉर्ड करा. कॅमेरा उघडा. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवा. उजेड कमी-जास्त करायच्या कळा दाबा. ब्लूटूथवर मोबाईल जोडा. घरात टीव्ही असेल तर एचडीएमआय लावून बघा. सगळं जरा संथ वाटेल, ते पेन ड्राइव्हमुळे, त्यावरून लॅपटॉपला नावं ठेवू नका.

मग डिस्क्स नावाचं अॅप उघडा. त्यात लॅपटॉपची आतली एसएसडी दिसायला हवी. दिसत नसेल तर बहुधा बायोसमध्ये आरएसटी ही डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत चालू आहे. ती बदलून एएचसीआय ही सर्वसाधारण पद्धत निवडली की लिनक्सला डिस्क दिसते, पण त्याच क्षणी विंडोज सुरू होणं बंद पडू शकतं. ते टाळायला आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सेटिंग करून मग बायोस बदलावं लागतं. विंडोज ठेवायचं असेल तर हे काम जाणत्या माणसाला सोबत बसवूनच करा.

बोटाच्या ठशाचं सेन्सर चाललं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, इथं लिनक्स अजून मागे आहे. ठशांच्या सेन्सरांसाठी ड्रायव्हर बनवणाऱ्या लिबएफप्रिंट प्रकल्पाच्या यादीत तुमचं सेन्सर असेल तर चालेल, नसेल तर पासवर्ड टाकायचा.

झाकण बंद केल्यावर काय होतं

ही परीक्षा नागपुरात तरी कोणी वगळू नये. पूर्वीचे लॅपटॉप झोपले की जवळपास सगळं बंद व्हायचं, फक्त रॅमला वीज मिळायची. नव्या लॅपटॉपांत बहुतेक वेळा ती पद्धत काढून टाकलेली असते. त्याऐवजी मोबाईलसारखी अर्धवट झोप असते, आणि एखादी चिप नीट झोपली नाही तर लॅपटॉप आतल्या आत तापत राहतो, बॅटरी उतरत राहते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना असा लॅपटॉप बॅगेत, बॅग गाडीच्या फूटबोर्डवर, आणि तुम्ही हिंगण्याच्या कॉलेजहून भर उन्हात घरी येताय. बॅगेतून काढलेला लॅपटॉप हाताला चटका देतो तो असाच.

तपासायचं कसं? टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'सिस' फोल्डरमधल्या 'पॉवर' फोल्डरातली 'मेम-स्लीप' ही फाइल वाचा, नावात आडव्या रेघेच्या जागी अंडरस्कोर असतो. त्यात 'डीप' हा शब्द दिसला तर जुनी, गाढ झोप उपलब्ध आहे. फक्त 'एसटूआयडल' असेल तर नवी पद्धत. ती वाईटच असते असं नाही, पण मोजून बघावी. बॅटरीची टक्केवारी लिहा, चार्जर काढा, झाकण बंद करा, दोन तासांनी उघडा. दोन-तीन टक्के उतरली तर ठीक. पंधरा-वीस उतरली, किंवा खालची बाजू गरम लागली, तर हा लॅपटॉप बॅगेत घालताना पूर्ण बंद करायची सवय लावावी लागेल. पेन ड्राइव्हवरून चालताना उठवताना कधी अडखळतं, म्हणून हीच चाचणी इन्स्टॉल झाल्यावर पुन्हा करा.

काही अडलंच तर

वाय-फाय सापडलं नाही म्हणून लगेच हार मानू नका. अँड्रॉइड मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेथरिंग चालू केलं की लिनक्सला इंटरनेट मिळतं, आणि अपडेट उतरवता येतात. मग नव्या कर्नलची आवृत्ती लावून पाहा. तरीही नाही जमलं तर कार्ड बदलता येतं का ते बघा. पुष्कळ लॅपटॉपांत ते छोटं, एका स्क्रूवर बसवलेलं असतं. इंटेलचं एएक्स२१० हे कार्ड एएमडीच्या लॅपटॉपातही चालतं. एएक्स२११ मात्र फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांसोबतच चालतं, तेव्हा कार्ड मागवताना शेवटचा आकडा नीट वाचा. काही पातळ लॅपटॉपांत वाय-फाय मदरबोर्डलाच डाग देऊन बसवलेलं असतं, तिथं हा मार्ग बंद.

सगळं चाललं, तरी कामाच्या बाजूनं एकदा विचार करा. ऑनलाइन परीक्षांची काही सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ सेफ एक्झाम ब्राउझर, लिनक्सवर चालत नाहीत. घरात कोणी श्रीलिपीवर मराठी डीटीपी करत असेल तर ते कामही सहसा विंडोजवरच चालतं. युनिकोड मराठी मात्र लिनक्सवर इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीनं अगदी व्यवस्थित टाइप होतं, त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. अशा घरांत विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकावं. त्यासाठी विंडोजच्या पॉवरच्या सेटिंगमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज डिस्क अर्धवट मोकळी सोडतं आणि लिनक्समधून त्या भागावर काही लिहिता येत नाही. विंडोज पूर्ण पुसणारच असाल, तर पुसण्याआधी त्यातून रिकव्हरीचा वेगळा पेन ड्राइव्ह बनवून घ्या. वॉरंटीत लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला न्यायची वेळ आली तर तोच कामी येतो.